तूप नंतर

"आजोबा, चंद्रावरच्या लोकांनी तुमची खिचडी ओकून टाकली, हे खरं आहे का?"

प्रश्न विचारून झाला आणि मग मोहना भांगरेच्या लक्षात आलं, की आपण तो खरंच विचारला. मोठ्याने. माइकमध्ये. अख्ख्या शाळेसमोर! सरांनी कपाळाला हात लावला.

गेल्या वर्षीपर्यंत हीच मोहना हजेरीला "हजर" म्हणतानाही बाकाकडे बघून पुटपुटायची. नववीत आल्यापासून तिच्यात काय संचारलं होतं कोण जाणे! त्यातून तिच्या दोन जिवलग मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं. "विचारून दाखव, चिंचगोळ्यांची अख्खी बरणी तुझी," असं तस्लीम म्हणाली होती आणि "नाही गं विचारणार ती, तंतरेल तिची," असं गौतमी. बस्स, मोहनाला तेवढं पुरे होतं.

व्यासपीठावर बसले होते डॉक्टर यमाजी मुठे. औषध देणारे डॉक्टर नव्हेत, अन्नशास्त्रज्ञ. तीस वर्षं त्यांनी चांद्रतळासाठी (चंद्रावरच्या माणसांच्या वस्तीसाठी) जेवण तयार केलं होतं आणि आता निवृत्त होऊन ते कळसूबाईच्या पायथ्याशी, आपल्या मूळ गावी राहायला आले होते. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दूध डेअरीत त्यांनी प्रयोगशाळा थाटली होती.

आजोबा रागावले नाहीत. त्यांनी चष्मा वर सरकवला.

"खरं आहे," ते म्हणाले. "तिघे जण ओकले. चौथ्याने वास घेऊनच ताट बाजूला सारलं. हुशार होता तो."

अख्खं सभागृह खदखदलं.

"पण का ओकले, ते आज सांगणार नाही. त्याआधी एक कोडं." त्यांनी पिशवीतून दोन पाकिटं काढली. "दोन्हींत एकेका माणसाला पोटभर होईल इतका भात आहे. शितं मोजाल तर सारखीच भरतील. हे पाकीट तीनशे ग्रॅमचं आणि हे शंभर ग्रॅमचं. मग दोनशे ग्रॅम गेले कुठे? ज्याला जाणून घ्यायचंय त्यानं डेअरीत यावं."

मोहनाला चिंचगोळ्यांचा विसरच पडला. वजन नाहीसं करणारा माणूस! नेमकं हेच तर तिला हवं होतं.

त्याचं असं होतं. साल होतं २०६३. सामान वाहायला आता गावोगावी 'वाहक' नावाचे चारपायी यंत्रमानव होते. मोहनाचे बाबा तेच दुरुस्त करायचे. पण अभयारण्यात वाहकांना बंदी होती, कारण त्यांच्या खडखडाटाने भेकरं बिचकायची. आणि शाळेची नववीची रांगभ्रमंती, म्हणजे चार दिवस डोंगररांगेतून पायी भटकणं, नेमकी अभयारण्यातूनच जायची. ज्याचं ओझं त्यानंच वाहायचं. चूल पेटवायची नाही. प्रत्येक तुकडीला एक छोटी शेगडी आणि गॅसची एकच नळकांडी. पाठपिशवी आठ किलोच्या वर गेली, की मागे फिरा.

मोहना, तस्लीम आणि गौतमी ही एक तुकडी. आणि गौतमीच्या गुडघ्यावर गेल्या वर्षी शस्त्रक्रिया झाली होती. डॉक्टर म्हणाले होते, "चाल हवं तेवढं, पण पाठीवर चार किलोच्या वर काही नको." म्हणजे तिघींची मर्यादा मिळून वीस किलो. तंबू, अंथरुणं, कपडे, पाणी, शेगडी यांतच चौदा किलो संपत होते. खाण्यासाठी उरले सहा. आणि त्यांनी केलेली यादी (भाकरी, बटाटे, कांदे, टोमॅटो, उकडलेली अंडी, आईच्या लोणच्याची बरणी) भरत होती साडेसतरा किलो!

"तिघींचं वजन नियमात बसलं तर गौतमी वर," सरांनी सांगितलं होतं. "नाहीतर ती पायथ्याच्या छावणीत थांबेल. तुमच्या दोघींच्या पाठी मोडून मी कुणालाही वर नेणार नाही."

"मी खाली बसून तुमच्यासाठी चहा उकळीन," गौतमी हसत म्हणाली होती. पण जूनपासून ती रोज मधल्या सुट्टीत शाळेचे जिने वीस वेळा चढते-उतरते, हे मोहना बघत होती.

दुसऱ्याच दिवशी मोहना डेअरीत हजर! दार उघडलं ते गुडघ्याएवढ्या उंचीच्या एका यंत्रमानवाने. त्याच्या एका हाताला ताटली होती आणि दुसऱ्याला चिमटा.

"नाव चिमटा. काम वजन करणे," तो म्हणाला. त्याने मोहनाच्या दप्तराला चिमटा लावून ते उचललं. "सहा किलो दोनशे ग्रॅम. खंत वाटते."

"खंत वाटते म्हणायला मी शिकवलंय त्याला," आतून आजोबा म्हणाले. "सुटलं कोडं?"

"पाणी!" मोहना धापा टाकतच म्हणाली. "हरवलेलं वजन पाण्याचं आहे. भात शिजताना पाणी पितो, तेवढंच तुम्ही काढून घेतलं."

"शाब्बास. शिजलेल्या भातात तीन भागांतले दोन भाग पाणीच. टोमॅटोत तर शंभरातले चौऱ्याण्णव. तू टोमॅटो घेऊन डोंगर चढतेस म्हणजे खरं तर पाणी घेऊन चढतेस. आणि पावसाळ्यानंतर वर झरे वाहत असतातच. मग खालून पाणी कशाला न्यायचं? वर गेल्यावर उकळायचं आणि घालायचं."

मोहनाने डोकं खाजवलं. "पण मग नुसते कच्चे तांदूळच न्यावेत की! ते तर कोरडेच असतात."

आजोबा खूश झाले. "असा प्रश्न हवा! कच्चे तांदूळ शिजायला किती वेळ?"

"वीस मिनिटं. डाळीला तर त्याहून जास्त."

"आणि तुझ्याकडे गॅसची नळकांडी एकच. म्हणून आधी घरी शिजवायचं, मग सुकवायचं. एकदा शिजलेला दाणा आतून मऊ, सैल झालेला असतो. त्याला पुन्हा फक्त गरम पाणी पाजलं, की दहा मिनिटांत तयार."

मग त्यांनी तिला कोपऱ्यातलं पिंपासारखं यंत्र दाखवलं. उन्हात वाळवलं, की पाणी वरवरून उडतं, दाणा आक्रसतो, कडक होतो, असं त्यांनी सांगितलं. हे यंत्र वेगळी युक्ती करतं. आधी अन्न गोठवतं, म्हणजे आतल्या पाण्याचा बर्फ होतो. मग पंप लावून आतली हवा खेचून घेतं, म्हणजे पिंपात निर्वात (हवा जवळजवळ नाहीच अशी पोकळी) तयार होते. मग अगदी हलकी ऊब देतं.

"आता बर्फ वितळेल?" आजोबांनी विचारलं.

"वितळेलच ना."

"नाही! तिथेच तर गंमत आहे. देव्हाऱ्यातला कापूर डबी उघडी राहिली तर कुठे जातो?"

"उडून जातो. त्याचं पाणी होत नाही… अय्या! बर्फ तसाच उडतो?"

"तसाच. याला म्हणतात संप्लवन (घट्ट पदार्थाचं पातळ न होता थेट वाफ होणं). बर्फ निघून जातो आणि जिथे तो होता तिथे बारीक बारीक भोकं उरतात. दाण्याचा आकार तोच, पण आतून स्पंज. वर गरम पाणी घाल, भोकाभोकांत शिरतं. आणि पाणीच नाही म्हटल्यावर जंतूंनाही तिथे राहवत नाही, त्यामुळे महिनोन्महिने टिकतं." आजोबांनी छताकडे बोट केलं. "चंद्रावर तर पंपही लागत नाही. दाराबाहेर सगळं निर्वातच."

मोहना तोंड उघडं टाकून ऐकत होती. एवढा मोठा माणूस आपल्याशी असा बोलतो, आपल्या प्रश्नांची वाट बघतो! तिला एकदम भरून आलं.

"आजोबा, तुमचं यंत्र आम्हाला वापरू द्याल?"

"एकदाच. गणपतीनंतर एक दिवस मोकळा आहे. मग वर्ष संपेपर्यंत चांद्रतळाचा माल." त्यांनी कागदावर नियम लिहून दिले. शेवटच्या नियमाखाली दोन रेघा ओढल्या होत्या. 'तेल-तूप अजिबात नाही.'

त्या मोकळ्या दिवशी मोहनाच्या आईने दोन पातेली चढवली, एकात साधा भात आणि एकात मुगाची खिचडी. मोहनाने कागद तीनदा वाचून दाखवला. "हो गं बाई, ऐकलं," आई म्हणाली. यंत्रातून बारा पाकिटं भाताची निघाली आणि बारा खिचडीची, शेवरीच्या कापसासारखी हलकी! बाबा मात्र वर्तमानपत्रामागून म्हणाले, "शास्त्र शिकायचं तर यंत्रमानवांचं शिक. स्वयंपाक काय, येतोच." नाशिकच्या यंत्रमानव शिबिरात त्यांनी मोहनाचं नाव मे महिन्यासाठी आधीच घालून ठेवलं होतं.

ऑक्टोबरची काहिली सरली. दिवाळी झाली. भ्रमंतीला चार दिवस उरले, तेव्हा तिघी मोहनाच्या ओट्यावर जमल्या. चव तर बघू! तस्लीमने खिचडीच्या पाकिटात उकळतं पाणी ओतलं, दहा मिनिटं थांबून पहिला घास घेतला आणि धावत मोरीत जाऊन थुंकली.

"मोहने, हे काय आहे? जुनं खोबरेल तेल चाटल्यासारखं लागतंय!"

खवट. दुसरं पाकीटही खवट. एकूण एक खिचडी खवट! भात तेवढा चांगला निघाला.

"जाऊ दे गं," गौतमी हळूच म्हणाली. "मी थांबते खाली. खरंच."

ती हसत होती, पण तिचा हात गुडघ्यावर होता.

आई दारातच उभी होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "माझ्यामुळे झालं."

"म्हणजे?"

"तूप घातलं होतं मी. दोन पळ्या. तू वळलीस तेवढ्यात." आईने डोळ्यांना पदर लावला. "चार दिवस पोरी डोंगरात जाणार, आणि कोरडी खिचडी? हात धजेना गं माझा."

मोहनाच्या जिभेवर केवढं तरी आलं. तीनदा वाचून दाखवलं होतं! दोन रेघा होत्या! पण आईच्या डोळ्यांकडे बघून तिला ते काही बोलवेना. तिने पाकीट उचललं, आईचा हात धरला आणि म्हणाली, "चल. आजोबांना विचारू."

आजोबांनी पाकीट हुंगलं. एकदा. दोनदा. आणि मग ते असे हसत सुटले, की चिमटाने त्यांची नाडी तपासली.

"हाच! अगदी हाच वास! मोहना, तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुझ्या हातात आहे बघ. चंद्रावर ओकले ते यामुळेच!"

"तिथेही कुणाच्या आईने तूप घातलं?"

"आईने नाही, मी! नियम मीच लिहिला होता. पण पहिल्यांदा आपल्याकडची खिचडी चंद्रावर जाणार, आणि ती तुपाविना? लाज वाटली मला. घातलं. मग उड्डाण पाच महिने पुढे ढकललं गेलं, आणि…" त्यांनी ओकण्याचा अभिनय केला. आईला हसू फुटलं. रडत होती ती, तरी फुटलं.

"पण असं होतं का?" मोहनाने विचारलं.

"यंत्र पाणी उडवतं, तूप नाही. तूप तिथेच राहतं, त्या भोकाभोकांच्या भिंतींना लेपासारखं चिकटून. आणि त्याच भोकांतून आत येते हवा. हवेतला प्राणवायू तुपाला गाठतो आणि त्याचं रूप बिघडवतो. तेच खवटपण. डब्यात तुपाला हवा लागते फक्त वरून. इथे लागते चहूबाजूंनी."

मग आजोबा आईकडे वळले. "वहिनी, पण तुमचं गणित बरोबर होतं बरं का. उष्मांक (अन्नातून मिळणारी शक्ती मोजायचं माप) बघा. एक ग्रॅम भाताच्या पिठूळ भागातून मिळतात चार. एक ग्रॅम तुपातून नऊ! पाठीवर न्यायला तुपाइतकं सोयीचं दुसरं काही नाही. डोंगर चढणाऱ्या पोरीला तूप हवंच. फक्त आधी नाही, नंतर. तूप वेगळ्या, घट्ट बंद नळीत न्यायचं आणि पानात वाढल्यावर घालायचं."

"पानात वाढल्यावरच घालतो की आपण एरवी," आई पुटपुटली. "त्या दिवशीच मला घाई झाली."

"पण खिचडी गेली ती गेलीच!" मोहना कळवळून म्हणाली. "यंत्र तर मोकळं नाही. चार दिवसांत काय सुकवणार?"

यावर आई अगदी सावकाश, जणू स्वतःलाच विचारत असल्यासारखी म्हणाली, "शिजवून सुकवलेलंच हवं ना? मग पोहे काय असतात?"

आजोबांची मान झटकन वर झाली.

"सालासकट भात भिजवायचा, भट्टीत भाजायचा, चेपायचा, वाळवायचा," आई म्हणाली. "झाले पोहे. त्यांना गरम पाणीसुद्धा लागत नाही. सातूचं पीठही भाजूनच दळलेलं असतं, गुळाच्या पाण्यात कालवलं की झालं. आणि हरभऱ्याची भाजी आहे की माझ्याकडे. माघात पाला खुडून वाळवलेली. गाडगंभर आहे."

"ती तर तू पावसाळ्यात करतेस, दाण्याचं कूट घालून," मोहना म्हणाली. आणि मग ती थांबली. वर्षानुवर्षं फडताळात ते गाडगं होतं. तिने त्याच्याकडे कधी वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं!

"आजोबा! आमच्या आईची प्रयोगशाळा तुमच्या आधीची आहे!"

"अगं, म्हणून तर मी गावात परत आलो," आजोबा म्हणाले.

पुढचे तीन दिवस मोहनाच्या घरात नुसती धांदल होती. आई भाजत होती आणि तस्लीम कुटत होती. गौतमीने एकेका दिवसाचं, एकेकीचं पाकीट बांधलं. मोहना प्रत्येक गोष्टीला दोनच प्रश्न विचारायची: पाण्याचं वजन किती आणि शक्ती किती? चुरमुरे बाद झाले, कारण वजन कमी असलं तरी ते पिशवीभर जागा खात होते. लोणच्याची बरणीही गेली, आणि तिच्या जागी आलं चिमूटभर मीठ घातलेलं मेतकूट. शेंगदाणे, खोबरं आणि खजूर राहिले. तुपाच्या बारा बारीक नळ्या आजोबांनी स्वतः भरून दिल्या.

चौथ्या दिवशी सकाळी चिमटाने सगळं एका ताटलीत घेतलं. तिघींनी एकमेकींचे हात धरले. चिमटा बराच वेळ बोलला नाही. मेला मुद्दाम करत होता!

"पाच किलो नऊशे चाळीस ग्रॅम," तो शेवटी म्हणाला. आणि ज्याचा त्याला सराव नव्हता असा एक शब्द शोधून काढून म्हणाला, "आनंद वाटतो."

गौतमीने त्या गुडघ्याएवढ्या यंत्राचा मुका घेतला.

भ्रमंतीच्या तिसऱ्या दिवशी दुपारी त्या तिघी कड्यावर पोचल्या. गौतमी सगळ्यांत मागून, पण स्वतःच्या पायांनी, चार किलो पाठीवर घेऊन. खाली भंडारदऱ्याचं पाणी चमकत होतं. मोहनाने झऱ्याचं पाणी उकळलं, भाताच्या पाकिटांत ओतलं, दुसरीकडे भाजी भिजवली. दहा मिनिटं. शितं टच्च फुगली. गौतमीने तुपाची नळी तोडली आणि भातावर धार धरली.

तो वास! वारा एवढा भन्नाट होता, तरी आईचं स्वयंपाकघर तिथे, कड्यावर, तिघींच्या मध्ये येऊन बसलं.

मग गौतमी खालच्या गावाकडे तोंड करून जिवाच्या आकांताने ओरडली, "काकूऽऽऽ! थँक्यूऽऽऽ!"

समोरच्या डोंगराने ते दोनदा परत म्हटलं. मोहनाच्या मनात आलं, आपण आईला हे कधी म्हटलंय? रोज पानात येतं, रोज आपण खातो आणि उठतो. तिने पान पुसून पुसून खाल्लं. खाता खाता तिने काहीतरी ठरवून टाकलं, आणि ठरवल्याबरोबर तिला इतकं हलकं वाटलं, की चिमटालाही ते वजन मोजता आलं नसतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ती घरी पोचली, पायांवर ओरखडे आणि नाकावर उन्हाचा लाल पट्टा घेऊन. आजोबा ओट्यावर बाबांबरोबर चहा पीत बसले होते. चांद्रतळावरून निरोप आला होता. तिथल्या लोकांना पालेभाजी खाऊन वर्ष झालं होतं, आणि आजोबांनी कळवलेल्या हरभऱ्याच्या सुक्या भाजीबद्दल त्यांनी तीनदा विचारलं होतं. आई लाजून आत पळाली होती.

मोहनाने पाठपिशवी उतरवली आणि आजोबांच्या कानात काहीतरी विचारलं; त्यांनी हसून मान डोलावली. आत जाऊन ती आधी आईच्या गळ्यात पडली आणि खूप वेळ तशीच राहिली. "अगं, घामेजलीयस," आई म्हणाली, पण तिने काही मोहनाला सोडलं नाही. मग मोहना आईला हाताला धरून ओट्यावर घेऊन आली आणि बाबांसमोर ताठ उभी राहिली.

"बाबा, आई, मी एक ठरवलंय."

बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"नाशिकच्या शिबिरातून माझं नाव काढा. यंत्रमानव मी चिमटाकडूनच शिकेन, तो आहेच. मे महिनाभर मी आजोबांच्या डेअरीत काम करणार. आधी जंगलातल्या वनरक्षकांसाठी हलकी जेवणं, आणि मग," तिने वर, नुकत्याच उगवलेल्या चंद्राकडे बोट केलं, "तिकडे. आजोबांना मी आल्याआल्याच विचारलं, ते हो म्हणालेत. आणि आई, तूही रोज माझ्याबरोबर येणार आहेस, मास्तरीण म्हणून. भाजी कशी वाळवायची ते तू आम्हाला शिकवायचंस. तूप कधी घालायचं, तेवढं मात्र मी सांगेन!"